विश्लेषण : अंगठा घेतला, पैसे निघाले, पण किती, हे तिला कोण सांगणार?

लाडकी बहीण योजनेचा हप्ता जमा झाला की गावोगावच्या मोबाइलवर संदेश वाजतो. 'डिअर कस्टमर, युअर अकाउंट...' अशी त्याची सुरुवात असते. ज्या बाईच्या खात्यात पैसे आले, तिला तो वाचता येत नसेल तर ती फोन नातवाकडे किंवा शेजारच्या मुलीकडे देते. दुसऱ्या दिवशी ती बँक मित्राकडे जाते, यंत्रावर अंगठा ठेवते. पडद्यावर काय उमटले ते बँक मित्र वाचतो आणि नोटा तिच्या हातात ठेवतो. घरी आल्यावर किती काढले, किती राहिले, हे सांगायला पुन्हा दुसरे कुणीतरी लागते.

या प्रवासात पैसे तिच्यापर्यंत पोहोचले. पैशाची माहिती मात्र प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्याच्या हातात राहिली.

गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रामीण भागासाठी बँकिंग 'सोपे' करण्याचे बरेच प्रयत्न झाले आणि त्यातले काही खरोखर मोठे आहेत. पण सोपे करताना आपण व्यवहार करणे सोपे केले. व्यवहारात काय घडले, हे समजणे सोपे केले नाही. फसवणूक, अडकलेले पैसे आणि 'ॲप माझ्यासाठी नाही' ही भावना या तिन्हींचे मूळ याच फटीत आहे.

अर्धसाक्षर म्हणजे नेमके कोण?

जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येते, ती साक्षर. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा साक्षरता दर ८२.३४ टक्के होता. महिलांचा होता सुमारे ७६ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील दर चार महिलांमागे जवळपास एक महिला कागदोपत्रीच निरक्षर होती. नंदुरबार जिल्ह्यात तर एकूण साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती.

पण खरा प्रश्न उरलेल्या तिघींचाही आहे. चौथीपर्यंत शाळा पाहिलेली, सही करता येणारी, एसटीची पाटी अक्षरे जुळवत वाचणारी बाई जनगणनेत साक्षर असते. इंग्रजी संदेशासमोर, सहा आकडी रकमेसमोर किंवा 'अटी व शर्ती मान्य' या चौकटीसमोर तिची साक्षरता तिच्या कामाला येत नाही. अर्धसाक्षर वापरकर्ते म्हणतात ते हे. हा गट लहान नाही आणि तो फक्त म्हाताऱ्या माणसांचाही नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अक्षर न येणे आणि हिशेब न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची सहकारी बँक उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रवर्तक महिला निरक्षर असल्याच्या कारणावरून परवान्याचा पहिला अर्ज फेटाळला गेला. महिला साक्षरतेचे धडे गिरवून पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कोणतीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो; तुम्ही यंत्रावर काढा, बघू कोण आधी सांगते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

बाजारात भाजी विकणारी, भिशी चालवणारी, बचत गटाचे हप्ते तोंडपाठ असणारी बाई पैशात कच्ची नसते. ती ज्या रूपात पैसा ओळखते, त्या रूपात यंत्र तिच्याशी बोलत नाही, एवढेच.

अंगठ्याचा व्यवहार कसा चालतो?

आधार सक्षम पेमेंट प्रणाली, म्हणजेच एईपीएस, ही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआयने उभारलेली व्यवस्था. तिच्यात कार्ड लागत नाही, पिन लागत नाही, स्वतःचा मोबाइलही लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा पुरतो. तालुक्याची बँक वीस किलोमीटरवर असलेल्या गावात ही सोय किती मोठी आहे, हे तिथे राहणाऱ्यालाच कळते. निवृत्तिवेतन, रोजगार हमीची मजुरी, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता, सगळे यातून हातात येते.

आता याच व्यवहाराकडे रचनेच्या नजरेने पाहू. यंत्र किंवा मोबाइल बँक मित्राच्या हातात. पडदा त्याच्याकडे. रक्कम टाकणारा तो. 'यशस्वी' की 'अयशस्वी' हे वाचणारा तोच. पावती निघाली तर ती बहुधा इंग्रजीत, आणि छापणारे यंत्र नसेल तर निघतच नाही. ग्राहकाच्या वाट्याला एकच कृती येते, ती म्हणजे बोट ठेवणे.

ऊस तोडणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या, विडी वळणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात. त्यामुळे 'पुन्हा ठेवा' हे वाक्य रोजचे. आता पुन्हा ठेवलेला अंगठा पहिला ठसा न उमटल्यामुळे ठेवला की दुसरी रक्कम निघण्यासाठी, हे ओळखण्याचे कोणतेही साधन तिच्याकडे नसते. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असे सांगून रक्कम परस्पर काढल्याच्या तक्रारी देशात अनेक ठिकाणी पोलिसांत गेल्या आहेत.

बहुतेक बँक मित्र प्रामाणिक आहेत. तुटपुंज्या कमिशनवर, खेळखंडोबा झालेल्या नेटवर्कवर आणि गावाच्या शिव्या खाऊन ते काम करतात. पण चांगली रचना माणसाच्या प्रामाणिकपणावर सोडून दिलेली नसते. दुकानदार प्रामाणिक असला तरी तराजूचा काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवतात. एईपीएसच्या तराजूचा काटा फक्त दुकानदाराला दिसतो.

रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये एईपीएस चालवणाऱ्यांची पडताळणी कडक करण्याचे निर्देश दिले आणि ते १ जानेवारी २०२६ पासून लागू केले. पाऊल योग्यच आहे. त्यातून चालक कोण आहे यावर नजर राहील. ग्राहकाला काय दिसते, हा प्रश्न मात्र तिथेच राहतो.

पैसे कोणत्या खात्यात गेले, हेच का कळत नाही?

सरकारी योजनांचे पैसे बऱ्याचदा खाते क्रमांकावर जात नाहीत, आधार क्रमांकावर जातात. आधारला कोणती बँक जोडलेली आहे, याची नोंद एनपीसीआयच्या यादीत असते. एका वेळी एकच बँक. तुम्ही नवीन खाते उघडले आणि ते आधारशी जोडले, तर जुन्या बँकेची जागा नवी बँक घेते. पुढचे सगळे हप्ते तिकडे जातात.

तंत्राच्या दृष्टीने व्यवस्था नीटनेटकी आहे. ज्या बाईला 'आधार जोडणी' या शब्दाचा अर्थ सांगितलाच गेला नाही, तिच्यासाठी पैसे गायब होतात. ती जुने पासबुक घेऊन जुन्या बँकेत खेटे घालते.

याचे मोठे उदाहरण २०१७ मध्ये देशाने पाहिले. मोबाइल सिमची आधार पडताळणी सुरू असताना एअरटेल पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांची खाती स्पष्ट संमतीशिवाय उघडली गेली आणि त्यांचे गॅस सिलिंडरचे अनुदान त्या खात्यांत वळले. आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसी परवानगी स्थगित केली, सुमारे १९० कोटी रुपये परत करावे लागले आणि मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच कोटींचा दंड केला. त्या ग्राहकांत शिकलेलेही होतेच. संमती म्हणजे एक टिचकी, एवढाच अर्थ उरला की वाचता येणारेही न वाचणारे होतात. न वाचता येणाऱ्यांचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

न वाचणाऱ्यांसाठी रचना करणे शक्य आहे का?

शक्य आहे. आपण ती दोनदा, देशाच्या पातळीवर, करून दाखवली आहे.

पहिली, आपली नोट. नव्या मालिकेतली शंभराची नोट जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. वीसच्या नोटेवर आपले वेरूळ. किंमत वाढते तशी नोटेची लांबीही वाढते. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांवर दृष्टिहीनांना बोटाने कळतील अशा उठावाच्या खुणा आहेत. मागच्या बाजूला १५ भाषांची पट्टी आहे. अक्षर न येणारा माणूस अंधारात, गर्दीत, घाईत पाचशे आणि शंभर यांत गल्लत करत नाही. कारण रक्कम रंगात, आकारात, स्पर्शात आणि चित्रात, अशी चार ठिकाणी लिहिलेली आहे.

दुसरी, आपली मतदान यंत्रणा. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. 'आधी साक्षर व्हा, मग मत द्या' असे कोणी म्हटले नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निवडणूक चिन्हे आली आणि प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली गेली. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले तेव्हा चिन्ह, निळे बटण, लाल दिवा आणि 'बीप' असा आवाज आला. तेवढ्यावर शंका उरली म्हणून व्हीव्हीपॅट आले. मत कोणाला गेले त्याची चिठ्ठी, चिन्हासह, मतदाराला काचेतून सात सेकंद दिसते.

या सात सेकंदांचे महत्त्व बँकिंगवाल्यांनी समजून घ्यावे. बटण दाबता येणे पुरेसे नाही, दाबल्यावर काय झाले ते दाबणाऱ्याला त्याच्या भाषेत दिसले पाहिजे, हे तत्त्व आपण मताबाबत मान्य केले. तिच्या दीड हजार रुपयांबाबत अजून केलेले नाही.

तिसरे उदाहरण प्रत्येक चहाच्या टपरीवर आहे. दुकानातला साऊंडबॉक्स. खोटा स्क्रीनशॉट दाखवून गिऱ्हाईक पळून जाई आणि गर्दीत फोन पाहायला दुकानदाराला वेळ नसे. आवाजाने तो प्रश्न सुटला. दुकानदार मान वर न करता ऐकतो आणि पुढचा चहा गाळतो. तंत्रज्ञान तेच, भाषा मराठी, अडचण शून्य. मग तसाच आवाज पैसे काढणाऱ्या बाईसाठी का नाही? कारण साधे आहे. साऊंडबॉक्सचे भाडे दुकानदार देतो. या बाईकडून कंपनीला काही मिळत नाही.

संशोधन काय सांगते?

बंगळूरुच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये इंद्राणी मेढी थीज यांनी २००५ नंतरची अनेक वर्षे याच प्रश्नावर काम केले. झोपडपट्ट्यांत आणि घरकाम करणाऱ्या महिलांमध्ये बसून त्यांनी अक्षरांशिवाय चालणारे पडदे तयार केले. त्यांच्या कामातून आलेल्या काही गोष्टी आजच्या ॲपलाही लागू पडतात.

एक, चित्र आणि आवाज एकत्र असतील तर उपयोग जास्त. नुसते चित्र फसवे असते. 'घर' म्हणजे मुखपृष्ठ, 'दात्याचे चाक' म्हणजे सेटिंग, हे संकेत शहरी सवयीतून आलेले आहेत. दोन, अक्षरे काढली तरी आकडे ठेवता येतात, कारण अनेकांना आकडे ओळखू येतात. तीन, पोटात पोट असलेली यादी नको. 'सेवा' मध्ये 'पेमेंट', त्यात 'हस्तांतर', त्यात 'नवीन लाभार्थी' अशी रचना कागदी फाइल लावण्याची सवय असलेल्यांना सोपी वाटते. इतरांना एकामागून एक सरळ जाणारी यादी बरी पडते. चार, ही वस्तू नक्की कशासाठी आहे आणि चूक झाली तर काय होईल, हे आधी गोष्टीसारखे सांगावे लागते. यंत्र बिघडेल ही भीती खरी असते.

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत 'युजर' हा शब्द आम्ही हजारदा ऐकला. तो युजर कायम वाचता येणारा, एकट्याच्या मालकीचा फोन असलेला आणि चुकले तर 'मागे' जाणारा असे. फोन घरात एकच आहे, तो मुलाच्या खिशात आहे आणि रिचार्ज संपलेला आहे, असा युजर आमच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आला नाही. आज ॲप बनवणारे बहुतेक जण त्याच वर्गांतून आले आहेत.

मग '१२३पे' आणि 'हॅलो यूपीआय' आहेत ना?

आहेत, आणि त्यामागचा हेतू चांगला आहे. *९९# डायल करून इंटरनेटशिवाय व्यवहार करण्याची सोय २०१४ मध्ये देशभर सुरू झाली. ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने बटणाच्या फोनसाठी 'यूपीआय १२३पे' आणले. त्यात फोन लावून सूचना ऐकत बटणे दाबणे, मिस्ड कॉल, फोनमधले छोटे ॲप आणि ध्वनिलहरींवर चालणारे पेमेंट असे चार मार्ग आहेत. त्याची मर्यादाही नंतर पाच हजारांवरून दहा हजार झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून व्यवहार करण्याची 'हॅलो यूपीआय' सेवा जाहीर झाली, सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीत.

अडचण अशी की, *९९# चा पडदा पुन्हा अक्षरांचाच आहे आणि विचार करायला वेळ घेतला तर तो बंद होतो. फोनवरच्या सूचनांत पाचवा पर्याय ऐकेपर्यंत पहिला विसरतो. बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावलेल्या पदवीधरालाही हा अनुभव आहे. शिवाय या सेवांची सगळी ताकद पैसे पाठवण्यावर लागली आहे. 'काल काय झाले ते सांग', 'हे कोणी काढले', 'थांब, मला नको आहे' हे तीन प्रश्न तितक्याच सहज विचारता आले, तर ती सेवा त्या बाईची झाली असे म्हणता येईल.

ॲप मराठीत आहे, तरी का कळत नाही?

कारण ते भाषांतरित आहे. 'लाभार्थी जोडा', 'व्यवहार प्रलंबित', 'प्रमाणीकरण अयशस्वी' हे शब्द शुद्ध आहेत आणि गावात कोणी वापरत नाही. गावातले शब्द आहेत पैसे आले, पैसे गेले, पैसे अडकले. 'अडकले' या एका शब्दात जी खात्री आहे, की पैसे बुडालेले नाहीत, वाटेत आहेत, ती 'प्रलंबित' मध्ये नाही.

आकड्यांचेही तसेच. यंत्र म्हणते 'एक हजार पाचशे'. माणसे म्हणतात 'दीड हजार'. अडीचशे, सव्वाशे, साडेतीन हजार, पावणेदोन लाख ही आपल्या हिशेबाची भाषा आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला! आकडा कसा उच्चारायचा यावर आपण इतके हळवे आहोत, तर तो नीट उच्चारणारे यंत्र मागायला काय हरकत आहे? आणि धडगावात भिली-पावरी, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्यांसाठी मराठी हीसुद्धा शाळेची भाषा आहे, हेही लक्षात ठेवावे लागेल.

संदेश इंग्रजीत येण्यामागे तांत्रिक हिशेबही आहे. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे १६० मावतात, देवनागरी ७०. म्हणजे तोच मजकूर मराठीत पाठवायला दोन किंवा तीन एसएमएसचे पैसे. पण 'दीड हजार आले. शिल्लक दोन हजार' हे ७० अक्षरांत सहज बसते. लांबी वाढते ती 'प्रिय ग्राहक', खात्याचे फुल्याफुल्यांचे आकडे आणि संदर्भ क्रमांकामुळे. बँकेच्या शाखेतील पाट्या आणि माहितीपत्रके इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम जुना आहे. शाखा खिशात आली, तेव्हा नियम मात्र शाखेच्या भिंतीवरच राहिला.

सावध राहण्याचे ओझे कोणावर?

'ओटीपी सांगू नका', 'सतर्क राहा' हे इशारे आवश्यक आहेत. पण त्यांचा अर्थ असा होतो की रचनेतल्या त्रुटीची किंमत ग्राहकाने हुशारीने भरायची. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाकडून झालेल्या फसवणुकीत, ग्राहकाचा दोष नसेल आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत त्याने बँकेला कळवले, तर त्याला नुकसान सोसावे लागत नाही. नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. पण तीन दिवसांची मोजणी संदेशापासून सुरू होते आणि तो संदेशच वाचता येत नाही.

रचना बदलली की काय होते, याचे ताजे उदाहरण पाहा. यूपीआयमध्ये अनोळखी माणूस 'पैसे मागण्याची विनंती' पाठवत असे आणि 'पैसे येणार आहेत, पिन टाका' असे सांगून लुबाडत असे. वर्षानुवर्षे जनजागृती झाली. शेवटी एनपीसीआयने व्यक्तीकडून व्यक्तीला अशी विनंती पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. कोट्यवधी लोकांना शिकवण्यापेक्षा एक बटण काढणे सोपे ठरले.

तसेच आणखी एक बटण डोळ्यासमोर आहे. यूपीआयवर शिल्लक पाहायची तरी पिन आणि पैसे द्यायचे तरी तोच पिन, जवळपास तशाच पडद्यावर. 'पिन म्हणजे पैसे जाणार' ही साधी खूणगाठ त्यामुळे बांधताच येत नाही.

आवाजाला आक्षेप काय आहेत?

दोन आक्षेप खरे आहेत. पहिला खासगीपणाचा. यंत्र मोठ्याने बोलले तर बाईच्या खात्यातली रक्कम रांगेतल्या सगळ्यांना आणि घरच्यांनाही कळेल. अनेक बायका चार पैसे बाजूला टाकतात ते कुणाला न कळावे म्हणूनच. म्हणून यंत्राने काढलेली रक्कम बोलावी, शिल्लक बोलू नये. शिल्लक हवी असेल तर छोट्या पडद्यावर नोटांच्या चित्रांत दाखवावी किंवा कानाला लावून ऐकवावी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हा मला कमी पटतो. टपरीवर जे यंत्र परवडते ते सरकारी योजनेच्या वाटपात परवडत नाही, असे म्हणता येणार नाही. थेट लाभ हस्तांतरामुळे गळती थांबून पैसा वाचला, असे सरकार सांगते. त्या बचतीतला थोडा भाग तिला तिच्या पैशाची खबर देण्यावर खर्च व्हावा.

काय करता येईल?

चार गोष्टी आजच्या तंत्रज्ञानात शक्य आहेत. एईपीएसच्या प्रत्येक यंत्राने ठसा घेण्याआधी 'दीड हजार काढायचे आहेत' आणि घेतल्यानंतर 'दीड हजार निघाले' किंवा 'पैसे निघाले नाहीत' असे ग्राहकाच्या भाषेत बोलावे, आणि तो आवाज चालकाला बंद करता येऊ नये. ग्राहकाच्या बाजूला रक्कम नोटांच्या चित्रांत दिसावी. खाते उघडताना संदेशाची भाषा विचारावी आणि ज्यांनी 'वाचता येत नाही' असे सांगितले त्यांना एसएमएसऐवजी आवाजी फोन यावा, त्यात 'मी काढले नाहीत' सांगायला एकच बटण असावे. आणि कोणतीही सेवा सुरू करण्याआधी तिची चाचणी अक्षर न येणाऱ्या लोकांवर व्हावी. चाचणीत 'पैसे पाठवता आले का' याबरोबर 'काय झाले ते सांगता आले का' आणि 'नाही म्हणता आले का' हेही तपासावे.

ही मागणी दयेची नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या केवायसीसंबंधीच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. डोळ्यांनी न दिसणाऱ्यासाठी जे तत्त्व लागू होते, ते अक्षर न दिसणाऱ्यासाठी लागू का होऊ नये?

तोपर्यंत वाचकांनी घरी काय करावे?

हा मजकूर तुम्ही स्मार्टफोनवर वाचत आहात, म्हणजे घरातल्या कुणाचा तरी फोन वाचून देणारे तुम्हीच असण्याची शक्यता आहे. आईच्या, आजीच्या आधारला सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते 'माय आधार' संकेतस्थळावर पाहता येते; पाहा आणि तिला त्या बँकेचे नाव सांगा. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा आणि नोंदी मोठ्याने वाचून दाखवा. अंगठा देताना आधी रक्कम विचारायची, नंतर पावती मागायची आणि 'झाले नाही' म्हटले तरी पावती मागायची, एवढे तिला सांगून ठेवा. एईपीएसमध्ये खात्यातून रक्कम गेली पण केंद्रावर व्यवहाराची खात्री मिळाली नाही, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी. उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फसवणूक झाली तर वेळ न दवडता १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

आणि फोन वाचून दाखवताना आकडा गाळू नका. 'आले गं पैसे' एवढे सांगून फोन परत देणे सोयीचे असते. किती आले, कुठून आले, आता एकूण किती आहेत, हे ऐकण्याचा तिचा हक्क आहे. व्याज तोंडी काढणाऱ्या बायकांना पुढचा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही.